फाइल तुटली की ‘सेपरेट’ झाली?

रूट कॅनाल करताना फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी (कॅनाल) साफ करायची बारीक सुई, आत तुटणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात घड्याळाच्या स्प्रिंगपासून सुया घडवत, पुढे कार्बन स्टील आलं, मग स्टेनलेस स्टील. स्टीलची फाइल बहुतेकदा आधी सांगायची: पीळ उलगडलेला दिसला की टाकून द्यायची. चित्र पालटलं ते १९८८ नंतर. दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून हातफाइल करून पाहिली गेली आणि नव्वदच्या दशकात ती मोटरवर चढली. वाकड्या मुळात ही फाइल छान वळते. पण वळणात फिरताना प्रत्येक फेऱ्यात ती ताणली-दाबली जाते, धातू थकतो आणि वरून काहीच न दिसता तुटतो. टोक भिंतीत अडकून मोटर फिरत राहिली, तर पिळवटून तुटते.

शब्दाचा घोळ वेगळाच. तुटलेल्या फाइलला पाठ्यपुस्तकं ‘सेपरेटेड इन्स्ट्रुमेंट’ (सुटं झालेलं उपकरण) म्हणतात. या शब्दाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की ‘तुटली’ म्हटलं की पेशंटला हलगर्जीपणाच ऐकू येतो आणि दर वेळी तसा तो नसतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हापासून केसपेपरवरचा शब्द ग्राहक न्यायालयापुढेही वाचला जाऊ शकतो. भीती समजते, तरी मला हा शब्द पटत नाही. द्राक्षाचा हंगाम उरकून निफाडहून नाशिकला आलेल्या बागायतदाराला एक्स-रेवरची बारीक पांढरी रेघ दाखवत ‘इन्स्ट्रुमेंट सेपरेट झालंय’ म्हटलं, तर तो मान डोलावतो. वर्षभराने दाढ ठणकली की कॉलेज रोडवरचा दुसरा डॉक्टर तीच रेघ दाखवून ‘सुई आत राहिलीय’ म्हणतो. तिथे विश्वास संपतो. त्यापेक्षा त्याच दिवशी, खुर्चीवर असतानाच, ‘दादा, फाइलचं तीन मिलिमीटरचं टोक आत तुटलंय’ असं सांगावं आणि केसपेपरवर तेच लिहावं.

तुकडा काढायचा की ठेवायचा, हा दुसरा वाद. पूर्वी ट्रिफाइन नावाच्या पोकळ, नळीसारख्या ड्रिलने भोवतीचा दात कोरून तुकडा पकडत. मूळ पातळ होऊन पुढे तडकायची भीती असे. मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासोनिक टिप (सूक्ष्म कंपनं देणारं टोक) आल्यावर काम नाजूक झालं. बाकीच्या कॅनालमध्ये कापूस भरायचा, नाहीतर निसटलेला तुकडा शेजारच्या कॅनालमध्ये पडतो. वळणाच्या अलीकडे, डोळ्यांना दिसणारा तुकडा काढायला हरकत नाही. पलीकडचा असेल, तर आधी दहा नंबरची (अगदी बारीक) फाइल बाजूने सरकवून बायपास करून पाहावं. तेही जमलं नाही तर तुकड्यापर्यंत स्वच्छ करून भरावं आणि एक्स-रे काढून लक्ष ठेवावं. १९७० च्या एका तुलनात्मक अभ्यासात तुकडा राहिलेल्या आणि न राहिलेल्या दातांच्या यशात लक्षणीय फरक दिसला नव्हता. दात बिघडतो तो जंतुसंसर्गाने. त्यामुळे फाइल तुटण्याआधी कॅनाल किती साफ झाला होता, हे केसपेपरवर नोंदवणं सर्वात गरजेचं.