क्लाउडफ्लेअर वन: एका छत्राखाली आलेल्या सेवांची पार्श्वभूमी

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या ‘क्लाउडफ्लेअर वन’ची गोष्ट सुरू होते गूगलमध्ये. २००९च्या उत्तरार्धात गूगलच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये हल्लेखोर शिरले. जानेवारी २०१०मध्ये कंपनीने ते जाहीर केलं. फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या राखणदार भिंतीच्या, आत पोचलेला प्रत्येक जण विश्वासाचा, ही समजूत ‘ऑपरेशन अरोरा’ नावाच्या या हल्ल्याने मोडीत काढली. गूगलने मग ‘बियाँडकॉर्प’ उभारलं: व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची खाजगी वाट) नाही, आणि प्रत्येक अ‍ॅप उघडताना माणूस आणि त्याचं मशीन दोन्ही तपासायचं. त्याच सुमारास फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवॅग यांनी ‘झीरो ट्रस्ट’ (कुणावरही आपोआप विश्वास नाही) हा शब्द रूढ केला.

क्लाउडफ्लेअरचा धंदा तोवर वेबसाइटी सांभाळण्याचा. स्वतःच्या व्हीपीएनला कंटाळून त्यांनी जी लॉगिन-तपासणी कंपनीतच वापरायला बनवली, तीच २०१८मध्ये ‘अ‍ॅक्सेस’ म्हणून बाजारात आणली.

खरा गुंता टनेलच्या नावाचा. टनेल म्हणजे सर्व्हर क्लाउडफ्लेअरच्या नेटवर्कशी जोडणारी सेवा. २०१७मध्ये ते ‘वॉर्प’ म्हणून आलं. सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम चालवायचा. तो आतून बाहेर चार कनेक्शन जोडतो, निदान दोन वेगळ्या डेटा सेंटरांशी. त्यामुळे बाहेरून आत येण्यासाठी एकही पोर्ट (सर्व्हरचं नेटवर्कसाठीचं दार) उघडा ठेवावा लागत नाही. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. २०१८मध्ये त्याचं ‘आर्गो टनेल’ झालं, कारण वेगवान राउटिंगच्या पैसे मोजाव्या लागणाऱ्या ‘आर्गो’ सेवेत ते घातलं गेलं. पुढच्याच वर्षी ‘वॉर्प’ हे मोकळं झालेलं नाव क्लाउडफ्लेअरच्याच १.१.१.१ या मोबाइल अ‍ॅपमधल्या व्हीपीएनला मिळालं. एप्रिल २०२१मध्ये टनेल मोफत झालं आणि नाव उरलं ‘क्लाउडफ्लेअर टनेल’.

दरम्यान २०१९मध्ये गार्टनर या संशोधन कंपनीने नेटवर्क आणि सुरक्षा एकत्र देण्याच्या कल्पनेला ‘सॅसी’ म्हटलं. जानेवारी २०२०मध्ये अ‍ॅक्सेस आणि गेटवे (वेब-फिल्टर) मिळून ‘क्लाउडफ्लेअर फॉर टीम्स’ आलं आणि दोनच महिन्यांत कोविडमुळे सगळी ऑफिसं घरी गेली. ऑक्टोबर २०२०मध्ये ‘क्लाउडफ्लेअर वन’ जाहीर झालं: कंपनीच्या शाखा जोडणं, वेब-फिल्टर, लॉगिन, सगळं एकाच नेटवर्कवरून.

हे एकत्रीकरण योग्यच होतं, कारण इंटरनेटची वाहतूक ज्या रस्त्याने जाते तिथेच तपासणी केली की ती दुसरीकडे वळवावी लागत नाही. पण वापरलेलं नाव दुसऱ्या सेवेला देणं चुकलं, आणि त्याचा त्रास नेटवर्क सांभाळणाऱ्यांना होतो. जुनं मार्गदर्शन वाचताना आधी तारीख बघा: २०१७च्या लेखातलं ‘वॉर्प’ सर्व्हरवर चालतं, २०१९नंतरचं फोनवर किंवा लॅपटॉपवर. टनेलच्या त्या छोट्या प्रोग्रामचं नाव मात्र आता ‘क्लाउडफ्लेअरडी’ आहे.