वेगवेगळ्या स्टाइलचे मास्टर एका मॅटवर कसे आले, त्याची थोडी पार्श्वभूमी

हल्ली ज्यूदो, कराटे, बॉक्सिंग आणि जिउ-जित्सू असे चार वेगवेगळे इन्स्ट्रक्टर मिळून एकच सेमिनार घेतात, सकाळी जो शिकवत होता तोच दुपारी दुसऱ्याच्या सेशनला मागच्या रांगेत उभा दिसतो, आणि हे बघून बरेच जण म्हणतात की हे सगळं एमएमए, म्हणजे सगळ्या स्टाइल मिसळून लढायचा खेळ, आल्यावर सुरू झालं. तसं नाहीये. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे एमएमएची स्पर्धा झाली, ब्राझिलियन जिउ-जित्सूवाल्या (जमिनीवरच्या पकडींची विद्या) रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली आणि त्यानंतर पंच-किकवाले जमिनीवरचं काम शिकायला धावले हे खरंय. पण ती जिंकण्यासाठीची धावपळ होती. गुरूंनी एकमेकांकडून शिकणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

मुळात ज्यूदोच बघा ना. जिगोरो कानोने 1882 मध्ये कोदोकान, म्हणजे ज्यूदोची पहिली शाळा काढली तेव्हा तो जेमतेम एकविशीतला होता, आणि त्याआधी तो दोन वेगळ्या घराण्यांचं जुजुत्सू (जपानी कुस्तीसारखी जुनी युद्धकला) शिकला होता, तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू. एकीकडे गळा आवळणं आणि जमिनीवरची पकड जास्त, दुसरीकडे फेकण्यावर भर. म्हणजे ज्याला आपण आज शुद्ध ज्यूदो म्हणतो तो पहिल्या दिवसापासून मिश्रण आहे.

1922 चा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. गिचिन फुनाकोशी, ओकिनावाचा शाळामास्तर, वय पन्नाशीच्या पुढे, टोकियोला कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला आला. तिथे कराटे कुणाला धड माहीत नव्हतं, आणि कानो तेव्हा जपानच्या क्रीडाजगतातलं सगळ्यात वजनदार नाव. त्याने या परक्या बेटावरच्या मास्तरला कोदोकानमध्ये बोलावलं, स्वतः सगळं नीट बघितलं, प्रश्न विचारले. शिंकिन गिमाला जोडीला घेऊन फुनाकोशीने काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, दाखवले. कानोने त्याला पाहुणा म्हणून टाळ्या वाजवून परत पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण त्याने कराटे मनावर घेतलं आणि फुनाकोशी टोकियोतच राहिला. मग फुनाकोशीनेही ज्यूदोकडून घेतलं: पांढरा पोशाख घेतला, दान-क्यूची, म्हणजे बेल्टच्या दर्जांची पद्धत घेतली आणि 1924 मध्ये कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले. आज कराटे म्हटलं की जे चित्र डोळ्यापुढे येतं ते निम्मं ज्यूदोकडून आलंय!

कानो एवढ्यावर थांबला नाही. 1930 मध्ये त्याने मोरिहेई उएशिबाचं काम पाहिलं, जे पुढे आयकिदो म्हणून ओळखलं गेलं, आणि ते इतकं आवडलं की त्याने स्वतःचे चांगले शिष्य तिकडे शिकायला पाठवले. त्यातला मिनोरू मोचिझुकी. आपला तयार शिष्य दुसऱ्या गुरूच्या हवाली करणं ही सोपी गोष्ट नाही हो, कुठल्याही तालमीच्या वस्तादाला विचारा. मोचिझुकीने पुढे योसेइकान नावाची शाळा काढली, तिथे ज्यूदो, आयकिदो, कराटे आणि तलवार एकाच छपराखाली होतं, आणि 1951 ला तो फ्रान्सला गेला.

इथे स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं नुसतं नावं आणि सालं वाटेल. कराटेत पंच मारताना दुसरा हात कमरेशी ओढायचा असतो, त्याला हिकिते म्हणतात. मी ते कित्येक वर्षं केलं, मूठ रिकामी, नुसती कमरेला लावायची, आणि का ते कधी नीट कळलं नव्हतं. एका जॉइंट सेशनमध्ये ज्यूदोच्या इन्स्ट्रक्टरने माझ्या कोपराजवळची बाही मुठीत धरली, स्वतःकडे ओढली, माझं वजन पुढच्या पायावर आलं आणि त्या क्षणी तो म्हणाला की आमच्यात या हाताला हिकिते म्हणतात. शब्द तोच! माझी रिकामी मूठ मुळात रिकामी नव्हतीच, तिच्यात समोरच्याची बाही किंवा मनगट असायला हवं होतं. त्या दिवसानंतर माझा काता वेगळा झाला.

ओकिनावात तर हे आधीपासून चालत आलेलं. चोजुन मियागी आणि केनवा माबुनी या कराटेच्या मास्टरांबरोबर गो केन्की नावाचा चिनी चहाचा व्यापारी असायचा, व्हाइट क्रेन या चिनी कुंगफू प्रकाराचा जाणकार. माबुनीने तर आपल्या शितो-र्यूचं नावच दोन गुरूंच्या, इतोसू आणि हिगाओन्ना यांच्या नावातल्या अक्षरांवरून ठेवलं.

पण सगळ्यांना एका इमारतीत आणलं की काम झालं असंही नाही. 1928 मध्ये चीनमध्ये नानजिंगला सेंट्रल गुओशू इन्स्टिट्यूट (गुओशू म्हणजे चिनी युद्धकला) सुरू झालं, देशभरातले मास्टर गोळा केले, आणि सुरुवातीलाच शाओलिन आणि वुदांग या दोन चिनी परंपरांच्या नावाने दोन विभाग पाडले. झालं, दोन विभागांत चढाओढ लागली, प्रमुख म्हणजे वांग झिपिंग आणि गाओ झेनडोंग यांच्यातच लढत झाली आणि काही महिन्यांत ती विभागणी मोडावी लागली. माझं मत विचाराल तर चूक माणसांपेक्षा रचनेची होती. भिंत आधी घातली आणि मग सहकार्य मागितलं.

याच्या अगदी उलट हवाईतल्या होनोलुलूचं. तिथल्या पालामा भागात 1947 च्या सुमारास पाच जण एकत्र आले: पीटर चू कोरियन कराटेचा, जो होल्क ज्यूदोचा, फ्रँक ऑर्डोनेझ जुजुत्सूचा, एड्रियानो एम्पेराडो केन्पोचा (कराटेसारखीच हाता-पायांनी मारायची विद्या) आणि क्लॅरेन्स चँग चिनी बॉक्सिंगचा. वस्ती दांडगाईची, मारामारी रोजची, त्यामुळे कुणाची स्टाइल श्रेष्ठ हा वाद घालण्यात अर्थच नव्हता. ते काय करायचे तर एकमेकांवर खरेखुरे हल्ले करायचे, म्हणजे किक मारणारा पाय ज्यूदोवाल्याने पकडला की काय होतं, पकड घ्यायला पुढे आलेल्याला केन्पोवाला कुठे मारतो, आणि जिथे आपला डाव फसला तिथे दुसऱ्याचा उचलायचा. त्यातून जे तयार झालं त्याला त्यांनी पाचांच्या विद्यांची अक्षरं जोडून काजुकेन्बो नाव दिलं, कुणा एकाचं आडनाव लावलं नाही. मग कोरियन युद्ध आलं, बाकीचे पांगले आणि एम्पेराडोने 1950 मध्ये पालामा सेटलमेंटच्या जिममध्ये क्लास चालू ठेवला. पाचातला एकच उरला तरी तो पाचांचं शिकवत राहिला.

1964 मध्ये केन्पोचा गुरू एड पार्कर याच्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या स्पर्धेत ब्रूस ली आणि डॅन इनोसांटो भेटले. इनोसांटो ब्रूसपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि पार्करचा केन्पो ब्लॅक बेल्ट, तरी तो ब्रूसकडे शिकायला गेला, आणि बदल्यात फिलिपिनो शस्त्रांची ओळख करून दिली. पुढे इनोसांटोने ब्राझिलियन जिउ-जित्सू पांढऱ्या बेल्टपासून सुरू केलं आणि त्यातही ब्लॅक बेल्ट मिळवला. एकत्र काम करणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त आदर याच माणसाचा वाटतो.

आणि त्याच 1964 मध्ये, फेब्रुवारीत, बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये क्योकुशिन या कराटेच्या प्रकारातले तिघे मुए थाईवाल्यांशी (थायलंडचं बॉक्सिंग) लढले. दोघे जिंकले, केन्जी कुरोसाकी हरला. तो स्वतः इन्स्ट्रक्टर होता, पण हार त्याने लपवली नाही, थाई लोक काय करतात ते अभ्यासलं आणि टोकियोत मेजिरो जिम काढून किकबॉक्सिंग शिकवलं. तिथे हॉलंडचा यान प्लास येऊन शिकला, 1978 मध्ये त्याने अ‍ॅमस्टरडॅमला त्याच नावाचं जिम उघडलं. बॉक्सिंगचे दोन-तीन पंच आणि शेवटी मांडीवर जोरदार लो किक, ही डच किकबॉक्सिंगची जी ओळख आहे ती त्या हरलेल्या मास्तरच्या जिममधून निघालेल्या वाटेनेच तिथे पोचली.