हेलिकोबॅक्टर पायलोरीचे जनुकीय निदान

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जीवाणूचा डीएनए ओळखून संसर्गाचे, तसेच त्याच्या औषधरोधाचे (औषधाला न जुमानण्याचे) निदान करण्याच्या पद्धती. जठरदाह, व्रण आणि जठराचा कर्करोग यांच्याशी निगडित असलेला हा सर्पिल जीवाणू बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी पर्थ येथे 1982 मध्ये प्रथम वाढवला. त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 16.7 लाख बेस-जोड्या (डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्या) आहेत.

पीसीआर पद्धतीत जीवाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवून ओळखतात. नमुना बहुधा दुर्बिणीतून घेतलेला जठराच्या अस्तराचा तुकडा असतो. शौचाचा नमुनाही चालतो, परंतु त्यातील पित्तक्षार व जटिल शर्करा अभिक्रियेला अडथळा आणतात.

कोणते जनुक शोधावे याबाबत एकमत नाही. 16 एस आरआरएनएचे (प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोममधील आरएनएचे) जनुक निवडल्यास इतर जीवाणूंशी गल्लत होऊ शकते, त्यामुळे दोन निरनिराळी जनुके तपासणे अधिक सुरक्षित वाटते. ज्याला बराच काळ यूरे-सी म्हटले गेले, त्या जनुकाचा यूरिएज या युरिया तोडणाऱ्या विकराशी (एन्झाइमशी) संबंध नसून ते पेशीभित्तिकेच्या घडणीतील विकराचे आहे, असे 1997 मध्ये दिसून आले. तेव्हापासून त्याला जीएलएम-एम म्हणतात. जुने लेख वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

असाच घोळ क्लॅरिथ्रोमायसिन या ॲन्टिबायोटिकच्या रोधाबाबत आहे. हा रोध 23 एस आरआरएनएतील शेजारशेजारच्या दोन ॲडेनिन बेसांपैकी एकाच्या जागी दुसरा बेस आल्याने निर्माण होतो. आज ही स्थाने 2142 व 2143 अशी मोजतात. आधीच्या काही लेखांत तीच 2143 व 2144 आहेत, तर ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूच्या क्रमांकनानुसार 2058 व 2059. म्हणजे जुन्या लेखातील 2143 हे आजचे 2142 असू शकते. जीवाणूत या जनुकाच्या दोन प्रती असतात. शिवाय एकाच रुग्णाच्या जठरात रोधी व अरोधी वाण एकत्र राहू शकतात. फ्लुरोक्विनोलोन गटाच्या ॲन्टिबायोटिकांसाठी जायर-ए जनुकातील 87 व 91 ही स्थाने पाहतात. मेट्रोनिडाझोल या औषधासाठी आरडीएक्स-ए जनुक तपासतात, पण त्यातील बदलांवरून रोधाचा भरवशाचा अंदाज येत नाही. भारतात हाच रोध मोठा असल्याने ही उणीव येथे विशेष जाणवते.

वंशावळीचा प्रश्नही जनुकांतूनच पुढे आला. माणसाशी या जीवाणूची सोबत काही संशोधक सुमारे 58,000 वर्षांची, तर काही निदान 1,00,000 वर्षांची मानतात. दुसरा अंदाज नंतरचा असून अधिक ग्राह्य वाटतो.

भारतात संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि तो मोठ्या लोकसंख्येत आढळतो. त्यामुळे मुंबईत ‘जंतू आहे का’ या प्रश्नाचे उत्तर वारंवार होकारार्थी येते. खरे मोल ‘कोणते औषध लागू पडेल’ याला आहे, आणि जनुकीय चाचणीचा उपयोग मुख्यतः तेथे आहे. कॅग-ए व व्हॅक-ए या विकृतिकारक जनुकांची नोंद येथे रुग्णाला फारशी उपयोगी ठरत नाही. व्रण नसलेल्या भारतीयांतही ती सर्रास सापडतात. औषधरोधाच्या जनुकीय चाचणीची कल्पना या शहराला क्षयरोगामुळे परिचित आहे. सीबीनॅट यंत्र थुंकीतील जंतू व त्याचा रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला असलेला रोध सुमारे दोन तासांत सांगते. जठरातील जंतूसाठी तत्त्व तेच आहे, मात्र व्यवहारात निदान बव्हंशी यूरिएज चाचणी (जठराच्या तुकड्यातील यूरिएज ओळखणारी) आणि ऊतकपरीक्षेवरच (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावरच) होते.

ॲसिडिटी म्हणून दुकानातून घेतलेली पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जीवाणूंची संख्या घटवते. त्यामुळे यूरिएज चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. साधारण दोन आठवडे गोळी थांबवून, आणि ॲन्टिबायोटिक घेतले असल्यास चार आठवड्यांनी तपासावे. पीसीआर कमी जीवाणूही ओळखते, पण मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही पकडते. म्हणून उपचार यशस्वी झाला का हे पाहण्यासाठी युरिया श्वासचाचणीच (युरिया पाजून श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी) श्रेयस्कर.