आलोइस झेनेफेल्डर

(६ नोव्हेंबर १७७१ – २६ फेब्रुवारी १८३४). शिळामुद्रण, म्हणजेच शिळाछापाच्या तंत्राचा जर्मन जनक. त्याचा जन्म प्राग येथे एका नटाच्या घरी झाला. इंगोल्श्टाट येथे तो कायद्याचे शिक्षण घेत होता, पण वडिलांच्या निधनामुळे ते अर्धवट राहिले. पुढे तो नाटके लिहू लागला. ती छापून घेण्याचा खर्च परवडेना, म्हणून स्वतःच छपाई करण्याच्या खटपटीला तो लागला. महागड्या तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे गिरवण्याचा सराव करणे अशक्य होते, त्यामुळे त्याने बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींतून निघणारी बारीक कणांची, गुळगुळीत चुनखडीची फरशी वापरायला घेतली.

झेनेफेल्डरचे नाव निघाले की धोब्याच्या यादीची गोष्ट हटकून सांगितली जाते. १७९६ मध्ये धुण्याचे कपडे न्यायला बाई दाराशी उभी होती, आईने यादी लिहायला सांगितले आणि हाताशी कागद नसल्याने त्याने मेण, साबण व काजळी यांच्या शाईने ती फरशीवरच लिहिली. गोष्ट खुद्द त्यानेच नोंदवून ठेवली आहे. मात्र तिला शिळामुद्रणाचा जन्म मानणे बरोबर नाही. त्या दिवशी त्याने फरशीवर आम्ल ओतले, तेव्हा उघडा दगड झिजला आणि लिहिलेली अक्षरे किंचित उंच राहिली. हा उठावाच्या छपाईचाच एक प्रकार होता, आणि खिळ्यांची छपाईही त्याच तत्त्वावर चालत आली होती.

खरा शोध त्यानंतर दोन वर्षांनी, १७९८ च्या सुमारास लागला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याशा गोष्टीवर तो उभा आहे. दगडावर स्निग्ध खडूने किंवा शाईने लिहून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल मिसळलेले डिंकाचे पाणी फिरवतात. त्यामुळे मोकळा भाग पाणी धरून ठेवतो. मग ओल्या दगडावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त लिखाणावर चढते आणि ओल्या भागाला शिवतही नाही. उठाव नाही, खाच नाही. छापणारा आणि न छापणारा भाग एकाच पातळीवर राहतो. म्हणूनच झेनेफेल्डर या तंत्राला रासायनिक मुद्रण म्हणे. उलटे लिहिण्याची कटकट टाळण्यासाठी त्याने कागदावर सुलटे लिहून ते दगडावर उतरवण्याची युक्तीही काढली.

व्यवहारात त्याला फारसे यश आले नाही. फ्रान्झ ग्लाइस्नर या संगीतकाराबरोबर त्याने स्वरलिपी छापल्या, ओफेनबाखचे संगीत प्रकाशक योहान आन्टोन आन्द्रे यांच्याशी भागीदारी केली, १८०१ मध्ये लंडनमध्ये पेटंट मिळवले आणि व्हिएन्नातही नशीब अजमावले. पण तंत्र पसरत गेले, तसा नफा इतरांच्याच पदरात पडला. १८०९ मध्ये बव्हेरियाच्या भूमापनाच्या कामात निरीक्षक म्हणून नेमणूक झाल्यावर त्याला स्थैर्य लाभले. जमिनीचे नकाशे तेव्हा दगडावरूनच छापले जात, आणि अशा हजारो शिळा म्यूनिकमध्ये आजही जतन केलेल्या आहेत. १८१८ मध्ये त्याने या तंत्रावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्यूनिक येथे त्याचे निधन झाले.

जोडाक्षरांनी भरलेल्या लिपींना हे तंत्र विशेष सोयीचे ठरले, कारण खिळे ओतण्याचा खटाटोप न करता सुंदर हस्ताक्षर जसेच्या तसे छापता येई. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले; जुन्या शिळाछाप पोथ्यांत लेखनिकाच्या बोरूचे वळण स्पष्ट दिसते. शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोचली, तीही दगडावरूनच. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. आजच्या ऑफसेट छपाईत दगडाची जागा धातूच्या पातळ पत्र्याने घेतली असली, तरी शाई आणि पाण्याचे वैर तेच आहे.

झोल्नहोफेनच्या ज्या खडकाने झेनेफेल्डरला साथ दिली, त्यातच १८६१ मध्ये आदिपक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्याच्या ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’ या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द छपाईच्या या दगडावरूनच आलेला आहे.