लॅबच्या यादीमागची तीस वर्षं

चिपळूण, कुडाळकडचा एखादा मुलगा सीसीएनएच्या (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या पायाभूत परीक्षेच्या) तयारीला लागला की नवी मुंबईत नेटवर्कमध्ये नोकरी करणाऱ्या दादाला पहिला प्रश्न विचारतो: "दादा, लॅबसाठी काय काय घेऊ?" लॅब म्हणजे घरी सरावासाठी मांडलेली उपकरणं. दादा यादी पाठवतो. तीन राऊटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारे), दोन-तीन स्विच (एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडणारे), सिरियल केबल, कन्सोल केबल (संगणकावरून यंत्राला आज्ञा द्यायची). ही यादी दादाने केलेली नसते, त्याला ती त्याच्या सीनियरने दिलेली असते. तिच्यातली बहुतेक प्रत्येक वस्तू कधीतरी एखाद्या परीक्षेच्या अभ्यासक्रमामुळे आत आली. पुढे अभ्यासक्रम बदलला, वस्तू मात्र यादीत राहिली.

सुरुवात १९९३ची. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने सीसीआयई ही वरच्या पायरीची परीक्षा आणली ती प्रात्यक्षिकाची: खऱ्या उपकरणांसमोर बसून दोन दिवस नेटवर्क उभारायचं आणि मुद्दाम केलेले बिघाड शोधायचे. उत्तीर्णांना मिळणाऱ्या क्रमांकांतला पहिला, १०२४, त्या लॅबलाच दिला होता. माणसांचे क्रमांक १०२५ पासून सुरू झाले. लॅबची परीक्षा दोन दिवसांवरून एका दिवसावर आली ती २००१ मध्ये. १९९८ला खालच्या पायरीवर सीसीएनए आली. ती संगणकावर द्यायची परीक्षा असली तरी तयारीची पद्धत वरूनच झिरपली: लॅब पाहिजेच.

तेव्हा लॅब म्हणजे २५०० मालिकेचे राऊटर. त्यातला २५०१ सगळ्यांच्या तोंडी. एक इथरनेट, दोन सिरियल पोर्ट. इथरनेटचं तोंडही आजच्यासारखं नव्हतं. ते एयूआय, त्याला वेगळा ट्रान्सिव्हर लावल्याशिवाय साधी केबल बसत नसे. अशा सुट्या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला धुंडाळाव्या लागत, आणि गावाला यायच्या त्या चाकरमान्याच्या बॅगेतून.

दोन राऊटर सिरियलने जोडायचे तर मध्ये टेलिफोन कंपनीची लाइन लागते. ती घरी कुठून आणणार? म्हणून डीटीई-डीसीई केबलची जोडी (डीसीई टोक कंपनीच्या लाइनची जागा घेतं), आणि डीसीई टोकाच्या राऊटरला 'क्लॉक रेट ६४०००' ही वेग ठरवणारी आज्ञा. तिसरा राऊटर का, तर फ्रेम रिले, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या सामायिक जाळ्यातून शाखा जोडायची जुनी पद्धत. जास्त सिरियल पोर्टांचा एक राऊटर मध्ये ठेवून त्यालाच फ्रेम रिले स्विच करायचं आणि दोन बाजूंना दोन 'शाखा' जोडायच्या. 'तीन राऊटर हवेत' हा आकडा अंगवळणी पडला त्यात या मांडणीचा वाटा मोठा. आयएसडीएनही (टेलिफोन लाइनवरची डिजिटल जोडणी) अभ्यासक्रमात होतं, पण त्याचा सिम्युलेटर इतका महाग की बहुतेकांनी तो भाग पाठ करूनच भागवला. आयएसडीएन २००७च्या बदलात गेलं, फ्रेम रिले २०१६च्या. यादीतला तिसरा राऊटर आणि सिरियल केबल अजून गेलेली नाहीत.

२५०१ स्वतः मागे पडला तो मेमरीमुळे. १६ एमबीच्या फ्लॅशमध्ये नव्या आयओएसच्या (सिस्कोच्या यंत्रांवर चालणाऱ्या कार्यप्रणालीच्या) फाइली मावेनाशा झाल्या. मग २६००, आणि २००४ला बाजारात आलेले १८४१ व २८११ हळूहळू सेकंडहँड होऊन याद्यांत शिरले.

खरी उलथापालथ २००५ची. फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहिलं. हा नुसता देखावा नव्हता. राऊटरचा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करून त्यावर खरी आयओएस चालायची, सुरुवातीला ७२०० मालिकेची. 'आयडल पीसी'चा आकडा (राऊटर रिकामा कधी बसलाय ते ओळखायचा) नीट बसवला नाही तर एकच राऊटर आख्खा संगणक खाऊन टाकी, तो बसला की मात्र साध्या डेस्कटॉपवर चार-पाच राऊटर निमूट चालत. पुढे जीएनएस३ ने त्याला माऊसने ओढता येणारं चित्ररूप दिलं. आयओएसची फाइल मात्र आपली आपण आणायची, आणि परवान्याचा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्करपणे डोळ्याआड केला, हेही नोंदवून ठेवायला हवं.

त्याच सुमाराला महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. तीन राऊटर, दोन स्विच आणि संगणक असा पसारा घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ ओढणार? मुंबई-पुण्यात डायनामिप्स ही पैशाची बचत होती. कोकणातल्या गावात अभ्यास चालू राहणार की नाही, तेच त्याच्यावर ठरत होतं.

स्विच मात्र डायनामिप्सला जमला नाही. राऊटरचं बरंचसं काम प्रोसेसरवर चालतं, पण सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच फ्रेम (डेटाचा तुकडा) पुढे ढकलतो तो खास त्यासाठी घडवलेल्या चिपवर, आणि त्या चिपची नक्कल डायनामिप्सकडे नव्हती. राऊटरमध्ये बसणारं १६ पोर्टचं स्विच मॉड्यूल चाले, पण अर्धंमुर्धं. म्हणून 'राऊटर सॉफ्टवेअरमध्ये, स्विच खरे' हा सल्ला रूढ झाला आणि २९५०, ३५५० यांना मागणी राहिली. २०१४च्या अखेरीस सिस्कोने व्हीआयआरएल हे आभासी लॅबचं स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं, त्यात पुढे स्विचही आला, आणि हे कारणही संपलं. त्याच वर्षी सीसीआयईची राऊटिंग-स्विचिंगची लॅबसुद्धा आभासी उपकरणांवर गेली होती. ज्या परीक्षेने लोखंड गोळा करायची सवय लावली तिनेच ते सोडलं, पण ही बातमी दादांच्या यादीपर्यंत काही पोचली नाही.

२४ फेब्रुवारी २०२० पासूनच्या सीसीएनएमध्ये वायरलेस कंट्रोलर, एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय), जेसन (माहिती लिहायची रीत), ऑटोमेशन आहे. राऊटरांनी मार्ग ठरवायच्या पद्धतींपैकी ओएसपीएफ एकाच एरियापुरतं, ईआयजीआरपी गेलं. यातलं काय तीन जुन्या राऊटरांवर शिकणार?

तरी एक-दोन खरी यंत्रं हाताखालून जावीत, असं माझं मत आहे. सेकंडहँड स्विच येतो तो बहुधा आधीच्या कंपनीच्या पासवर्डसकट. मोड बटण दाबून धरून तो उघडायचा, राऊटर असेल तर ब्रेक सिग्नल देऊन रजिस्टर २१४२ करायचं (म्हणजे तो जुनी मांडणी न वाचता सुरू होतो), कन्सोलवर ९६०० बॉडला कचरा अक्षरं का दिसतात ते शोधायचं, यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या ड्रायव्हरशी झगडायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेच पुढ्यात येतं आणि सॉफ्टवेअरमध्ये ते फारसं भेटत नाही.

मात्र किनाऱ्यावर यंत्र पाळायचं म्हणजे खारं वारं आलं. पंखा आणि स्क्रू आधी गंजतात, मग पॉवर सप्लाय. पावसाळ्यात स्विच पडवीत ठेवू नये, माजघरात ठेवावा आणि अधूनमधून चालू करावा. सड्यावरच्या घरांत आणखी एक भानगड: जांभ्याच्या कातळात अर्थिंग धड लागत नाही, त्यामुळे वळवाच्या गडगडाटात प्लग आणि बाहेरून आलेली केबल दोन्ही काढलेली बरी.

आज कोणी विचारलं तर माझी यादी अशी: एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) चालणारी के९ आयओएस असलेला एक २९६० स्विच, चांगली कन्सोल केबल आणि अडॅप्टर. उरलेले पैसे लॅपटॉपच्या रॅममध्ये घालावेत, १६ जीबी तरी. पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या खात्यावर फुकट मिळतं. सगळ्या आज्ञा त्यात चालत नाहीत, पण सीसीएनएला भागतं. खरी आयओएस हवी तर व्हीआयआरएलचा वारस सीएमएल आहे. त्याची पाच नोडपर्यंतची (म्हणजे पाच उपकरणांची) फुकट आवृत्ती मिळते, आणि परवान्याचा जुना प्रश्नही तिथे उरत नाही.