शंखात शिरलेली गवताची काडी

१९७७ साली मेलबर्नचे कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क सुट्टीसाठी समुद्रकिनारी गेले होते, पण डोक्यातला प्रश्न पाठ सोडत नव्हता. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची नळी असते, कॉक्लिया. बहिऱ्या माणसाला ऐकू यावं म्हणून तिच्यात विजेचे ठोके देणाऱ्या इलेक्ट्रोडची तार खोलवर सरकवायची कशी? ती मध्येच अडायची. वाळूतला शंख उचलून त्यांनी त्यात गवताची काडी सारून पाहिली. टोकाला लवचीक, बुडाशी ताठ. काडी वळणं घेत अलगद आत गेली!

खोलवर जाणं गरजेचंच होतं, कारण कॉक्लियात सुरांच्या जागा ठरलेल्या असतात: तोंडाशी तार सप्तकातले स्वर, आत टोकाशी खर्जातले. तिथल्या केशपेशी, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, आवाजाने हलल्या की श्रवणतंतू मेंदूला कळवतो. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तो झेलायला पेशीच उरल्या नसतील तर? कॉक्लिअर इम्प्लांट श्रवणतंतूलाच विजेचे ठोके देतं. कानामागचा प्रोसेसर आवाजाची स्वरांच्या पट्ट्यांत फोड करतो, डोक्याला चुंबकाने चिकटलेली चकती तो संदेश त्वचेखालच्या यंत्राला पोचवते. आत इलेक्ट्रोड असतात जेमतेम १२ ते २२. हजारो केशपेशींचं काम एवढ्यांवर भागवायचं! म्हणूनच सुरुवातीला माणसांचे आवाज अनेकांना यंत्रातून आल्यासारखे वाटतात.

१ ऑगस्ट १९७८ रोजी क्लार्क यांनी, अपघातात ऐकू येणं गेलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे एका चाचणीत ऑस्ट्रेलियाचं तेव्हाचं राष्ट्रगीत वाजवलं आणि सॉन्डर्स ताडकन उठून उभे राहिले.

त्यांच्याकडे ती धून आठवणीत होती. जन्मतः बहिऱ्या बाळाकडे अशी शिदोरी नसते. त्याच्या मेंदूला बोलणं शिकायला पहिली दोन-तीन वर्षंच सर्वांत अनुकूल, आणि नेमकी तीच आपल्याकडे ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणण्यात निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. झोपलेल्या नवजात बाळाची ऐकण्याची तपासणी, ओएई चाचणी, काही मिनिटांत होते, दुखत नाही. ती प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायलाच हवी. खर्च मोठा असला, तरी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू कुटुंबांतल्या लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते.

मशीन ‘स्विच ऑन’ होतं शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी. मग वारंवार मॅपिंग (म्हणजे विजेचे ठोके बाळाला मानवतील असे जुळवणं), स्पीच थेरपी आणि घरी सतत बोलणं. आई पोळ्या लाटताना म्हणत राहते, “ही पोळी. गरम पोळी. फुगली बघ पोळी.” बाळ आधी तव्याकडे बघतं, आणि कित्येक महिन्यांनी एक दिवस ‘पो’ म्हणतं.