पिकअपखाली एअर टाकी बसवताय? आधी हे वाचून घ्या

एअर टाकी, म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबून भरलेली हवा साठवायची टाकी, हातात आली की पहिला मोह होतो तो लगेच गाडीखाली सरकून ड्रिल चालवायचा. जरा थांबा. नट-बोल्ट आवळायला तासभर पुरतो, खरं काम आहे जागा ठरवायचं, आणि आमच्याकडं परत आलेल्या टाक्यांची बहुतेक दुखणी चुकीच्या जागेमुळंच असतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टाकी लावली म्हणजे चारही टायर झटक्यात भरतील असं बऱ्याच जणांना वाटतं. 10 लिटरची टाकी 145 पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरली आणि ती 35 पर्यंत उतरली तर त्यातून साधारण 75 लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची, हवा निघते, आणि 31 इंची टायर 18 वरून 35 पीएसआयला न्यायला 80 लिटरच्या आसपास लागते, म्हणजे एक टायरसुद्धा पुरा होत नाही. टायर भरतो तो कॉम्प्रेसरच. टाकी कशाला, तर हॉर्न, एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं हवेवरचं लॉक), एअर बॅग (सस्पेन्शनचे हवेचे फुगे), ब्लोगन (धूळ उडवायची हवेची बंदूक) अशा झटक्यात हवा मागणाऱ्या गोष्टींसाठी, आणि कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून. त्यामुळं 20 लिटरची टाकी घेण्याआधी तेवढी जागा खाली आहे का आणि ती भरेपर्यंत कॉम्प्रेसर दुप्पट वेळ घुरघुरत बसलेला चालेल का ते बघा.

जागा शोधताना

टाकीच्या मापाची पुठ्ठ्याची डमी करा. हसू नका, आम्ही अजूनही करतो. ती चॅसीच्या आतल्या अंगाला, हौद्याच्या (मागच्या माल ठेवायच्या भागाच्या) खाली, स्टेपनीच्या पुढं-मागं अशी धरून बघा. बघायचं काय, तर सायलेन्सरच्या पाइपपासून निदान एक वीत अंतर हवं आणि तरी मध्ये हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) हवीच, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) फिरताना आणि वर-खाली होताना लागता कामा नये, ब्रेकचे पाइप आणि डिझेलची लाइन दाबली जाता कामा नये. आणि मुख्य म्हणजे गाडी रिकामी उभी असताना दिसणारी जागा खरी नसते. माल भरला, खड्ड्यात आदळली, की पाटे दबून अ‍ॅक्सल पार वर येतो, त्यामुळं अ‍ॅक्सल रबर स्टॉपला टेकल्यावर कुठं असेल ते मोजून मगच ठरवा. टाकी चॅसीच्या खालच्या रेषेखाली लोंबायला नको, नाहीतर पहिला दगड तिच्यावरच.

अजून एक, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. हौदा आणि चॅसी हे दोन वेगळे तुकडे आहेत आणि खराब रस्त्यावर दोन्ही आपापल्या परीनं पिळतात. टाकीचा एक पाय हौद्याच्या पत्र्याला आणि दुसरा चॅसीला असं केलंत तर तो पीळ सगळा ब्रॅकेटवर आणि टाकीच्या पायाच्या वेल्डिंगवर येतो आणि काही महिन्यांत तिथं चीर दिसते. चारही बोल्ट एकाच भागावर घ्या.

भोकं आणि ब्रॅकेट

चॅसीला कंपनीनं ठेवलेली भोकं असतात, आधी ती वापरा. नसतील तर यू-बोल्ट किंवा क्लॅम्प लावा. ड्रिल मारायचंच झालं तर उभ्या बाजूच्या मधोमध मारा, वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला हातही लावू नका, कारण वाकण्याचा सगळा ताण त्याच पट्ट्या घेतात. चॅसीवर वेल्डिंग नको, आणि टाकीवर तर अजिबातच नको. टाकीला नवा पाय जोडून द्या म्हणून लोक येतात, आम्ही सरळ नाही म्हणतो. 10 लिटरची भरलेली टाकी फुटली तर हजार किलोच्या आसपास वजन एक मीटर उचलण्याइतकी ताकद एका क्षणात सुटते. जुना गॅस सिलेंडर, आग विझवायचा सिलेंडर, पीव्हीसी पाइप असले जुगाड पण त्याच कारणासाठी नकोत, पीव्हीसी तर तुकडे होऊन उडतं.

पायाखाली रबर वॉशर, वर मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा). टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि पट्टा लोखंडी, तर मध्ये रबर हवंच, नाहीतर ओल धरून अ‍ॅल्युमिनियम तिथंच खायला लागतं.

पाणी, पाणी आणि पाणी

कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघते, टाकीत येऊन गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते. दमट हवेत, 30 अंशाला, 10 लिटरच्या टाकीच्या एका पूर्ण भरणीत दीड-दोन ग्रॅम पाणी जमतं, म्हणजे तीन भरण्यांत एक छोटा चमचा. ऐकायला काहीच नाही, पण काढलंच नाही तर लोखंडी टाकी आतून गंजते आणि बाहेरून रंग मात्र नवाकोरा दिसतो. म्हणून ड्रेन कॉक टाकीच्या सगळ्यात खालच्या तोंडाला आणि हवा बाहेर जायची लाइन वरच्या किंवा बाजूच्या तोंडाला. ड्रेनपर्यंत गाडीखाली न झोपता हात पोचला पाहिजे, नाहीतर तुम्ही तो उघडणार नाही, आम्ही पण उघडला नसता. कॉम्प्रेसर टाकीपेक्षा उंचावर ठेवा, म्हणजे पाणी उलटं त्याच्यात शिरत नाही.

कॉम्प्रेसरसोबत जी जाळीवाली होज येते ती कापून नायलॉनची नळी लावू नका, तिथली हवा इतकी तापते की नायलॉन मऊ पडतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (हवा एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचा) बाण टाकीकडं. सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर, मध्ये कुठलाही कॉक नको, आणि तो टाकीवर छापलेल्या प्रेशरच्या आत उघडणारा पण प्रेशर स्विच (ठरलेल्या प्रेशरला कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा) ज्या प्रेशरला बंद होतो त्याच्या वरचा हवा. नायलॉनची नळी ब्लेडनं सरळ कापा, पक्कडीनं चेपून तोडली की फिटिंगमध्ये गळणारच. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा, नाहीतर त्याचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

वायरिंगचं थोडक्यात: फ्यूज बॅटरीजवळ, कॉम्प्रेसरचा करंट रिलेमधून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), प्रेशर स्विच फक्त रिलेच्या कॉइलला, आणि ती लाइन चावी बंद केली की बंद होणारी.

भरून बघा

टाकी पूर्ण भरा, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की प्रेशर शून्य करून मगच पाना लावा. भरलेल्या टाकीचं फिटिंग आवळायचं नाही, अर्धा आटा पण नाही. मग गेज बघून ठेवा आणि सकाळी परत बघा. रात्रीत चार-पाच पीएसआय उतरलं तर घाबरू नका, हवा 10 अंशानं गार झाली तरी तेवढा फरक पडतो. निम्म्यावर आलं तर गळती आहे, आणि आमच्या अनुभवात ती बहुतेक वेळा नळीच्या वाकड्या कापात सापडते.

500 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळून घ्या, रबर बसतं आणि नट थोडा सैल वाटतो. ड्रेन आठवड्यातून एकदा, पावसाळी हवेत दोन-तीनदा, टाकीत थोडंसंच प्रेशर असताना उघडा म्हणजे पाणी ढकललं जाऊन बाहेर येतं. पाण्याचा रंग बघत जा. नुसतं गढूळ असेल तर ठीक, तांबूस यायला लागलं तर टाकी उतरवून आमच्याकडं घेऊन या, आणि तोपर्यंत ती भरू नका.